देवाच्या पोटातला कागद

माझा धाकटा दीर पासिस हा जन्मात एकच गोष्ट शिकला. मेलेल्या मगरी बांधायच्या. बाकी सगळ्या बाबतीत शून्य. लहानपणी सासऱ्यांनी त्याला तलावावर मासे धरायला पाठवलं, तर जाळ्यात तडफडणारे मासे बघून हा रडत घरी आला. मग बैलामागे धाडला. बैल कालव्यात शिरला आणि हा काठावर उभा राहून त्याला हाका मारत बसला, जसा काही बैल पाहुणा आहे. शेवटी सासूबाईंच्या भावाने त्याला देवळाच्या पट्टीघरात, मेलेल्यांना पट्ट्या बांधून जपतात तिथं, चिकटवून दिलं. तिथं सगळे मेलेले. कुणी तडफडत नाही की कालव्यात शिरत नाही. याचं बरोबर जमलं.

आमच्या गावचा देव सोबेक, म्हणजे मगर. देवळामागच्या कुंडात मगरी पाळलेल्या. त्यांना रोज मधातली पोळी, भाजलेलं मांस आणि वर द्राक्षाची दारू. आमच्या पोरांना भाकरी आणि कांदा. मी एकदा म्हणाले सुद्धा, पुढच्या जन्मी शेपूट घेऊनच येते. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला माझ्या. तर त्या मगरी मेल्या की पट्टीघरात यायच्या. चाळीस दिवस खारात सुकवायच्या, राळ चोपडायची, मग कापडाच्या पट्ट्या. आणि मग वर्षातून एकदा, नदीला पूर चढायला लागला की, मिरवणूक काढून वाळवंटातल्या तळघरात नेऊन ठेवायच्या. तिथं एकावर एक रचलेले देव आहेत, जळणाची मोळी रचावी तसे.

पासिस स्वतःला काय समजायचा, विचारू नका. म्हणे, "वहिनी, पुजारी नुसते मंत्र म्हणतात. माझा हात लागल्याशिवाय मगरीचा देव होत नाही." मोठा आला देव करणारा! अंगाला राळेचा असा वास की जेवायला बसला की माश्यासुद्धा उठून जायच्या. पट्ट्या बांधताना तो तिरप्या चौकटी पाडायचा, एक गडद पट्टी, एक फिकी, चौकटीत चौकट. एक गाठ वाकडी आली की सगळं सोडायचा आणि पहिल्यापासून बांधायचा. इतर कारागीर दिवसात तीन मगरी उरकायचे, हा तीन दिवसांत एक. घरातही हाताला चैन नाही. भाकरी गुंडाळून ठेव, पाण्याच्या मडक्याला पट्टी बांध, कांद्यांच्या जुड्या कर. त्याची बायको तीन महिन्यांत माहेरी गेली ती परत आली नाही. मला म्हणाली, "जाऊबाई, हे झोपेत माझा हात गुंडाळतात हो." मी तिला वाटेसाठी खजूर बांधून दिले. म्हणजे बांधून यानेच दिले. काय सुरेख गाठ मारली होती मेल्याने! बायको सोडून चाललीय आणि हा गाठ बघतोय.

पण एक आहे. खोटं कधी बोलला नाही. चांगुलपणामुळे नव्हे, खोटं बोलायला डोकं लागतं म्हणून, असं मी तेव्हा म्हणायचे. देवळात बाहेरगावचे लोक नवसाला यायचे आणि छोट्या छोट्या बांधलेल्या मगरी विकत घेऊन देवाला वाहायचे. इतक्या मगरी आणायच्या कुठून? मग पट्टीघरातल्या मागच्या खोलीत लव्हाळी, चिखल आणि एखादं हाड यांची मोळी करून वरून पट्ट्या बांधायचे. सगळ्या गावाला ठाऊक. थोरल्या पुजाऱ्याने यालाही सांगून पाहिलं. हा म्हणाला, "आत देव असेल तर बांधतो. नसेल तर काय बांधू?" पुजाऱ्याने कपाळावर हात मारला आणि याला मोठ्या मगरींवर ठेवला, कारण त्या तरी खऱ्याच असायच्या. पुढे शेजारच्या गावी गाढवाची लाथ बसून एक देव फुटला आणि आतून नुसती लव्हाळी निघाली. चहूकडे बोभाटा झाला. आमच्याकडेही यात्रेकरू देव कानाशी धरून हलवून बघायला लागले. पासिस त्या दुःखाने दोन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, बरं झालं, तेवढीच डाळ वाचली.

आता मुद्द्याचं सांगते. माझे यजमान मारेस म्हणजे याचे थोरले भाऊ. माणूस शहाणा, पण छातीचं दुखणं लागलं. आमच्या लग्नात सासऱ्यांनी कागद करून दिला होता की हे घर मारेसच्या बायकोचं आणि तिच्या मुलांचं. या घरावर माझ्या यजमानांच्या चुलतभावाचा, तेओसचा, पहिल्यापासून डोळा. गुळगुळीत डोक्याला तेल चोपडून यायचा, आजाऱ्याची विचारपूस करायचा आणि जाता जाता भिंतीवर टिचक्या मारून वीट पक्की आहे का ते बघायचा. मी दोनदा केरसुणी घेऊन मागे लागले.

मरणाच्या आधी दोन महिने यजमानांनी पासिसला जवळ बोलावलं आणि तो कागद त्याच्या हातात दिला. मी तिथेच होते. म्हणाले, "हा अशा जागी ठेव, की तेओसचा हात तिथं पोचणार नाही. आणि कुणाला सांगू नकोस, हिलासुद्धा नाही. ही रागाच्या भरात बोलून टाकेल." मरणाच्या दारातही माणसाने बायकोची अक्कल काढावी! पासिसने मान डोलावली. त्या दिवसापासून त्याची छाती दोन बोटं वर आली. मी विचारलं, "कागद कुठाय, भावजी?" तर डोळे मिटून म्हणायचा, "वहिनी, निश्चिंत राहा. राजाच्या तिजोरीतही इतका सुरक्षित नसेल." मी पुन्हा विचारलं नाही. तीच माझी चूक.

यजमान गेले. दिवस सरले न सरले, तेओस देवळाच्या दारी तीन पुजाऱ्यांच्या न्यायसभेपुढे जाऊन उभा. म्हणे, "हे घर माझ्या बापाचं. काकांना राहायला दिलं होतं. त्या बाईकडे कागद असेल तर दाखवावा." कागद लिहिणारा लेखनिक केव्हाच मेला होता. साक्षीदारांपैकी दोघे गेले आणि तिसऱ्याला तेओसने रोज बिअर पाजून सगळं विसरायला लावलं होतं. न्यायसभेने मला तीन दिवस दिले. म्हटलं, तीन कशाला, आत्ता आणते. तशीच पट्टीघरात गेले.

हा एका मगरीच्या शेपटीशी बसला होता.

"भावजी, कागद द्या."

"कुठला?"

"माझ्या घराचा! दुसरा कुठला असणार? तेओसने दावा लावलाय."

याने हातातली गाठ पुरी केली. मग हसला. अहो, हसला! "येऊ दे की तेओसला. त्याच्या हाती लागेल तर शपथ."

"तो त्याच्या हाती नको, माझ्या हाती द्या. कुठंय?"

त्याने आवाज बारीक केला. "एकडोळ्या बाबाच्या पोटात."

एकडोळ्या म्हणजे कुंडातला सगळ्यात म्हातारा मगर. साठ वर्षं मध खाऊन खाऊन मेला होता. यजमान अंथरुणाला खिळले त्याच सुमारास पट्टीघरात आला होता. आता तो बांधून तयार, देवळाच्या गाभाऱ्यात पाटावर ठेवलेला, पुढच्या मिरवणुकीची वाट बघत.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "पोटात म्हणजे?"

"उजव्या अंगाला, तिसऱ्या बरगडीखाली. मेणकापडात गुंडाळून वर राळ ओतलीय. पाणी शिरणार नाही, कीड लागणार नाही. आणि देवाच्या अंगाला सुरी लावायची कुणाची छाती आहे? पाचशे वर्षं हात लागणार नाही कुणाचा."

"मला पाचशे वर्षांनी नकोय, परवा हवाय!"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तोंड उघडंच राहिलं. हातातली पट्टी सुटून जमिनीवर पडली, आणि पट्टी जमिनीवर पडलेली मी त्याच्या हातून कधी पाहिली नव्हती. एवढं मोठं गाव, एवढी मडकी, भिंतीत कोनाडे, अंगणात जमीन, कुठेही पुरला असता. या दीडशहाण्याने देवाच्या पोटात शिवून ठेवला! तेओसचा हात पोचणार नाही म्हटल्यावर आपलाही पोचणार नाही, एवढं कळायला नको? मी त्याला काय काय बोलले ते आता सांगत नाही. सगळं पट्टीघर काम थांबवून ऐकत होतं. शेवटी म्हणाले, "तुमच्याऐवजी सासूबाईंनी एक घागर जन्माला घातली असती, तर निदान पाणी तरी राहिलं असतं." तो खाली मान घालून पट्टी गुंडाळत राहिला.

गेलो दोघं न्यायसभेपुढे. पासिसने सरळ सांगून टाकलं, कागद इथे आहे, असा आहे. पुजारी आधी एकमेकांकडे बघत राहिले आणि मग असे हसले, की दारावरचा राखणदार आत बघायला आला. थोरला पुजारी डोळे पुसत म्हणाला, "बाई, तुझ्या चार खोल्यांसाठी देवाचं पोट फाडू का?"

मी म्हटलं, "महाराज, याने शिवलंय, हाच उसवेल. परत शिवेल. देवाला कळणारसुद्धा नाही."

तसं त्याचं हसू गेलं. "खऱ्या देवाच्या अंगाला सुरी लावेल त्याचा हात तोडतात. ठाऊक आहे ना?"

निकाल झाला. मिरवणुकीच्या दिवशी एकडोळ्या बाबा बाहेर आला की तेओसने त्याच्या अंगावर हात ठेवून शपथ घ्यायची, की असा कागद झालाच नाही. शपथ घेतली की घर त्याचं. म्हणजे बघा! ज्याच्या पोटात कागद, त्याच्याच पाठीवर हात ठेवून हा म्हणणार कागद नाही. तेओसने मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "वहिनी, चुलीच्या खोलीला ओल येते का हो?"

मधले दिवस मी भांडी आवरली. दोन लेकरं घेऊन जायचं कुठे? माहेरी भाऊ, त्याच्या घरात त्याचीच पोरं एकमेकांवर झोपतात. पासिस रोज येऊन उंबऱ्यावर बसायचा. मी त्याच्याशी बोलत नव्हते. एकदा त्याने माझं मडकं गवतात गुंडाळायला घेतलं, फुटू नये म्हणून. मी ते हिसकावून घेतलं. म्हटलं, "राहू द्या. तुम्ही बांधलेलं माणसाला मिळत नाही." तो उठून गेला.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. पूर चढत होता, कालवे तांबडे झाले होते, लांबून लांबून नावा भरून लोक आले. देवळाच्या दारात एकडोळ्या बाबाला पाटावर आणून ठेवला. दोन माणसांएवढा लांब. आणि त्या चौकटी! नाकापासून शेपटीपर्यंत एक चौकट इकडची तिकडे नाही. बायका तोंडात बोटं घालून बघत होत्या. मला मात्र फक्त उजवी बाजू दिसत होती, तिसरी बरगडी.

तेओस पुढे झाला. नवी कोरी धोतरपट्टी, तेलाने चकाकणारं डोकं. देवाच्या पाठीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "या सोबेकाची शपथ, असा कागद कधी लिहिला गेला नाही, आणि असेल तर देवाने तो माझ्यापुढे आणावा."

थोरला पुजारी निकाल सांगायला तोंड उघडतोय, तेवढ्यात पासिस गर्दीतून पुढे आला. म्हणाला, "महाराज, ही शपथ होत नाही."

"का रे?"

"आत देव नाही."

पासिस मोठ्याने कधी बोलायचा नाही, म्हणून आवाज चिरकला त्याचा. "मगर खारात कुजली होती. मी ती टाकून दिली. आत लव्हाळी आहेत, खजुराच्या काड्या आहेत. वर नुसतं डोकं मगरीचं. लव्हाळ्यावर हात ठेवून कसली शपथ?"

माझ्या अंगाची आग झाली. मनात म्हटलं, मेल्या, इतकी वर्षं आम्हाला चौकटी दाखवून नाचलास, आणि तूही त्यांतलाच! त्या क्षणी घर जातंय यापेक्षाही मला त्याचाच राग जास्त आला.

पुजारी ओरडला, "खोटं बोलतोय हा! साठ वर्षं या देवाला आम्ही जेवू घातलंय. अख्खा देव आहे आत."

पण लोकांनी आता कुणाचं ऐकावं? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर दोन रट्टे देऊन गप्प केला असता. पण पासिस! गाव ओळखत होतं, हा खोटं बोलत नाही. बाहेरगावच्यांना तर गाढवाची लाथ आठवत होतीच. मागून कुणीतरी ओरडलं, "उघडून दाखवा!" मग सगळेच. एक म्हातारा आपल्या हातातली छोटी मगर पायरीवर आपटून म्हणाला, "आम्ही काय लव्हाळ्यापुढे नाक घासायला आलो? उघडा!" लोक पायऱ्या चढायला लागले. पुजाऱ्याच्या कपाळावर घाम. उघडावं तर पाप, न उघडावं तर उद्यापासून देवळात कुत्रं येणार नाही. शेवटी दात खाऊन म्हणाला, "लव्हाळ्याला सुरी लावायला हरकत नाही. उघड. आणि आत देव निघाला, तर तू आहेस आणि मी आहे."

पासिसने कमरेची सुरी काढली. उजव्या अंगाला, तिसऱ्या बरगडीवर, त्याने स्वतःच्या चौकटी कापल्या. एक थर, दुसरा थर, सातवा थर. मग राळ फुटल्याचा आवाज आला.

आत मगर होती. अख्खी. काळी सुकलेली कातडी, बरगड्या, सगळं जागच्या जागी. पुजाऱ्याने दोन्ही हात वर केले, "बघा! बघा लोकहो, अख्खा देव!" लोक गुडघ्यांवर पडले, कुणी रडायला लागलं. आणि पासिसने बरगडीखाली दोन बोटं घालून राळेने माखलेली एक वळकटी काढली आणि माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा मला कळलं, हा काय करून बसला ते. त्याला ठाऊक होतं आत देव आहे. त्यानेच तर महिनाभर बसून बांधला होता.

कागद सगळ्यांपुढे वाचला गेला. साहजिकच, नाही कसं म्हणणार? देवानेच आणून दिला, तेओसने मागितला होता ना? तेओस तेलाच्या डोक्यासकट गर्दीतून असा नाहीसा झाला, की त्याची एक चप्पल पायरीवरच राहिली. घर माझं झालं.

पासिसचा हात तोडला नाही. पुजाऱ्यानेच परवानगी दिली होती म्हणून तोडता आला नाही. पण त्याला पट्टीघरातून काढला. देवाला लव्हाळं म्हणणारा माणूस. त्याने कुठल्याही देवाला हात लावायचा नाही. आणि तो मेल्यावर गावातल्या कुठल्याही पट्टीवाल्याने त्याला हात लावायचा नाही.

त्यानंतर सहा वर्षं तो माझ्या घरी होता. उंबऱ्यावर बसून कांद्यांच्या जुड्या बांधायचा. मी रोज बोलायचे त्याला. "अहो, जुडी खायची असते, पुरायची नसते! सोडायला अर्धा दिवस जातो माझा." तो ऐकून घ्यायचा. एकदाच विचारलं मी, "भावजी, एवढं मोठं खोटं बोलताना भीती नाही वाटली?"

म्हणाला, "वाटली की. पण वहिनी, देव समजून घेईल. तेओसने घेतलं नसतं."

त्याला दुःख वेगळंच होतं. एकडोळ्या बाबाला नंतर दुसऱ्या कुणीतरी घाईघाईने पुन्हा बांधला. तळघराकडे नेताना याने लांबून पाहिलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. "उजव्या अंगाच्या चौकटी वाकड्या आल्यात," म्हणाला आणि हमसून हमसून रडला. स्वतःचं काम गेलं तेव्हा नाही रडला, बायको गेली तेव्हा नाही. मी म्हटलं, "तुम्ही मूर्खच राहणार शेवटपर्यंत." आणि त्याला गरम डाळ वाढली.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. पट्टीघरातून कुणी आलं नाही, येणारही नव्हतं. लेकरांना शेजारी पाठवलं आणि मीच बसले. माझ्या लग्नातली चादर फाडून पट्ट्या केल्या. खार शेजारणींनी गुपचूप आणून दिला. घराचा कागद मात्र कोनाड्यातच ठेवला, तसला मूर्खपणा एकदा झाला तेवढा पुरे. चाळीस दिवसांनी बांधायला घेतलं. त्याच्या त्या चौकटी इतकी वर्षं बघत आले होते, वाटलं, त्यात काय एवढं? काही जमेनात हो. तीनदा बांधलं, तीनदा सोडलं. चौथ्यांदा कशाबशा छातीपर्यंत सरळ आल्या. पण डावीकडची एक गाठ ढिली राहिली होती. "वहिनी, ती बघा," असं त्याने नक्की म्हटलं असतं. म्हणून मी सगळं सोडलं आणि पुन्हा पायापासून बांधायला घेतलं.